आधी तुकडा, मग बेत: एस्टोनियाच्या रॅम्पमागची गोष्ट

कापड कापण्याआधी ते बेतावं लागतं. आमच्या घरी आई चटई अंथरून, खडूच्या खुणा करत, एवढ्याशा पिसातून ब्लाउज कसा निघेल आणि बाह्यांना जोड कुठून मिळेल याचा अर्धा तास विचार करायची. कात्री चालायची पाच मिनिटं. मशीनवर बसणं हे तिच्या लेखी शेवटचं आणि सोपं काम. "बेत चुकला तर मशीन काय करणार," असं तिचं म्हणणं.

एस्टोनियातल्या शाश्वत फॅशनबद्दल, म्हणजे कापड वाया न घालवता केलेल्या टिकाऊ कपड्यांबद्दल, लिहायला घेतलं आणि पहिल्यांदा ही चटईच आठवली. फॅशन शो म्हटलं की आपल्या डोळ्यापुढे रॅम्प, झगमगते दिवे आणि काही केल्या न हसणाऱ्या मॉडेल्स येतात. टॅलिनमधल्या शोलाही हे सगळं असतंच. पण तिथल्या काही डिझायनर्सच्या कपड्यांची खरी गंमत रॅम्पच्या कितीतरी आधी, कटिंगच्या टेबलाशी घडलेली असते, आणि तीही उलट्या क्रमाने. एरवी आधी डिझाइन ठरतं, मग त्याला लागेल तेवढं कापड मागवतात. इथे आधी समोर तुकडा येतो, आणि बेत त्याच्या मापाने करायचा असतो.

एस्टोनिया म्हणजे बाल्टिक समुद्राच्या काठचा, पावणेचौदा लाखांच्या आसपास वस्तीचा देश. एकट्या नाशिक शहरात याहून जास्त माणसं राहतात. एवढ्या लहान देशातून फॅशनबद्दल काही ऐकण्यासारखं यावं याला तिथला इतिहास कारण आहे.

१९९१ पर्यंत एस्टोनिया सोव्हिएत संघात होता. त्या काळात हातात पैसे असले तरी दुकानात हवं ते कापड मिळेल याची खात्री नसायची. पण टॅलिन हे सोव्हिएत लोकांच्या मनातलं 'पश्चिमेकडचं' शहर होतं. तिथून १९५८ पासून 'सिलुएट' नावाचं फॅशनचं मासिक निघायचं, आणि ते रशियन भाषेतही छापलं जाई. बायका त्यातले नमुने पाहून घरी कपडे शिवत. म्हणजे चित्र पॅरिसच्या जवळ जाणारं आणि कापड घरातल्या जुन्या कोटाचं. असलेल्यातून नवं काढायची सवय तिथे पर्यावरणाच्या काळजीतून लागलेली नाही, टंचाईतून लागलेली आहे. आपल्याकडच्या गोधडीचंही तेच. पृथ्वी वाचवायची म्हणून कुठल्या आजीने वाकळ शिवली होती?

त्याच टॅलिनमध्ये १९८२ साली सरकारी कला संस्थेतल्या विद्यार्थ्यांनी एक फॅशन शो केला. संस्थेच्या तेव्हाच्या नावाची आद्याक्षरं जोडून 'एर्की' हा शब्द होतो, म्हणून तो एर्कीचा शो. पुढे देश स्वतंत्र झाला, संस्थेचं नाव बदलून एस्टोनियन कला अकादमी झालं, शोचं नाव मात्र तेच राहिलं. तिथल्या नवख्या डिझायनर्ससाठी हे पहिलं व्यासपीठ. इथे विकायचे कपडे कमी आणि डोक्यातल्या कल्पना जास्त दिसतात. काही कपडे अंगात घालून बसमध्ये चढता येणार नाही असेही असतात, पण विद्यार्थ्यांच्या शोकडून तेवढी अपेक्षा ठेवावीच.

१९८२ म्हणजे आपल्याकडे गिरणी संपाचं वर्ष. त्या शोचा आणि संपाचा काही संबंध नाही. पण एस्टोनियाच्या कापडाची पुढची गोष्ट गिरणगावच्या माणसाला समजावून सांगावी लागणार नाही. रशियाच्या सीमेवर, नार्वा नदीच्या धबधब्यापाशी १८५७ मध्ये लुडविग क्नूप या जर्मन व्यापाऱ्याने क्रेनहोल्म ही सूतगिरणी सुरू केली. मुंबईची पहिली गिरणी त्याच्या वर्षभर आधीच सुरू झाली होती. यंत्रं इंग्लंडची, कापूस बाहेरचा, कामगारांसाठी लाल विटांच्या चाळी, आणि १८७२ मध्ये मोठा संप. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे दहा हजारांवर माणसं कामाला होती. २०१० मध्ये क्रेनहोल्मचं दिवाळं निघालं. पुढे २०१९ मध्ये बाल्टिका या टॅलिनमधल्या जुन्या तयार कपड्यांच्या कंपनीनेही देशातलं आपलं शिवणकाम बंद करायचं ठरवलं. ती कंपनी १९२८ पासूनची.

थोडक्यात, आजच्या एस्टोनियन डिझायनरकडे हात आहेत, नजर आहे, कला अकादमी आहे, पण मागे गिरणी नाही. मग कापड कुठून येतं?

इथे 'शाश्वत फॅशन' या शब्दाशी जरा भांडावं लागतं. हल्ली हा शब्द इतका सैल झालाय की हिरवा टॅग लावलेला कुठलाही कुर्ता त्यात बसतो. एस्टोनियाच्या रॅम्पवर या एका शब्दाखाली निदान तीन वेगळ्या गोष्टी येतात. कुणी वापरलेल्या जुन्या वस्तूंचे नवे कपडे करतं, कुणी कारखान्यात उरलेलं कापड वापरतं, तर कुणी नवंच पण खूप वर्षं टिकेल असं बनवतं. तिन्हींचं गणित वेगळं आहे.

पहिल्या प्रकारातलं मला सगळ्यात आवडलेलं काम मारिट इलिसन या डिझायनरचं. सोव्हिएत काळातली लोकरी ब्लँकेटं तिथे घरोघरी असत. तिने ती जुनी ब्लँकेटं गोळा केली आणि त्यांचे मोठे, अंगभर कोट केले, वर हाताने स्फटिकांचं भरतकाम केलं. या संग्रहाच्या नावाचा अर्थ होतो 'झोपेची ओढ'. ब्लँकेटाच्या कोटाला याहून चांगलं नाव काय देणार! तिथल्या प्रेक्षकाला तो कोट पाहून आजोळची खाट आठवत असेल. कल्पना करा, चादरीचा निळा-लाल काठ नेमका कोटाच्या घेराला आलाय.

पण हिशेबाला बसलात तर अडचण लगेच दिसते. सोव्हिएत ब्लँकेटं आता कुणी विणत नाही. जी उरलीत ती एकेक करून शोधायची. एकाला कसर लागलेली, दुसऱ्याचा रंग उडालेला, तिसरं अर्ध्या मापाचं. प्रत्येक कोट नव्याने बेतावा लागतो. त्यामुळे तो महाग होतो आणि मोजकाच बनतो. हे वाईट आहे असं मी म्हणत नाही. पैठणीही मोजकीच बनते. मात्र कपड्यांच्या कचऱ्याचा प्रश्न अशा कोटांनी सुटेल असं कुणी म्हणालं तर ते खरं नव्हे.

दुसरा प्रकार दिसायला सर्वांत साधा आहे, आणि या लेखाचा जीव त्यातच आहे.

कपड्यांच्या कारखान्यात कापड वाया कसं जातं ते आधी पाहू. टी-शर्टची मोठी ऑर्डर आली की कापडाचे तागे लांबलचक टेबलावर उलगडून थरावर थर पसरतात. या थरांना धंद्यात 'ले' म्हणतात. सगळ्यात वर एक कागद टाकतात, त्यावर पुढा, पाठ, बाही, कॉलर असे सगळे भाग दाटीवाटीने आखलेले असतात. हा 'मार्कर'. भाग जितके जवळजवळ बसवता येतील तितकं कापड वाचतं. हे काम आता संगणक करतो, आणि कुठल्याही कटिंग मास्तरापेक्षा बारकाईने करतो. तरीही माणसाचं शरीर चौकोनी नसल्यामुळे काखेचा गोल, गळ्याचा गोल, बाहीचा उतार यांच्या मधे तुकडे उरतातच. एकदा पात्याखाली तो थर गेला की मधलं सगळं कातरण. साधारण १५ टक्के कापड असं टेबलावरच गळतं, असं या धंद्यात मानलं जातं. डिझाइनप्रमाणे हा आकडा खालीवर होतो.

साडी नेसणाऱ्याला हे पटकन डोळ्यासमोर येत नाही, कारण साडीतून कातरण निघतच नाही. कापड मागावरून उतरतं ते थेट अंगावर चढतं. एस्टोनियाच्या जुन्या लोकवेशातले सदरेही असेच सरळ चौकोनी तुकड्यांचे असत. हाताने विणलेल्या कापडाचा गोल कापून टाकून द्यायची कुणाची छाती होणार?

समजा एका कारखान्यात दिवसाला २,००० किलो कापड कटिंगला जातं. १५ टक्के धरले तर ३०० किलो कातरण, दर दिवशी. आणि हे फक्त टेबलावरचं. त्याशिवाय ताग्याच्या शेवटी उरलेलं टोक. एकाच रंगाच्या दोन घाण्यांत जरा छटा बदलली म्हणून नाकारलेलं कापड. कमी पडू नये म्हणून थोडं जास्तच मागवलेलं कापड. ऐनवेळी रद्द झालेल्या ऑर्डरीचे तागेच्या तागे. आपल्याकडे कटपीसच्या दुकानात किंवा 'एक्स्पोर्ट सरप्लस'च्या ढिगात यातला थोडा भाग येतो. बांगलादेशात या उरलेल्या मालाला 'झूट' म्हणतात. झुटाचा तिथे मोठा धंदा आहे, आणि तो बहुतेक ठिकाणी त्या त्या भागातल्या वजनदार लोकांच्या हातात असतो.

रेत आउस या एस्टोनियन डिझायनरने नेमक्या या ठिकाणी हात घातला. तिचं सुरुवातीचं काम नाटकांच्या आणि चित्रपटांच्या वेशभूषेतलं. कला अकादमीत तिने कपड्यांच्या कचऱ्यापासून नवी फॅशन या विषयावर संशोधन केलं आणि २०११ मध्ये डॉक्टरेट मिळवली. डिझायनर सहसा पीएचडीच्या भानगडीत पडत नाहीत. पण तिला पडलेला प्रश्न कपड्याचा नव्हताच, पद्धतीचा होता. जुन्या जीन्समधून एक पिशवी करणं कुणालाही जमतं. तशाच दहा हजार कशा करायच्या?

तिला सापडलेलं उत्तर असं. आपण कचरा म्हणतो तेव्हा मनात उकिरडा असतो, म्हणजे सगळं मिसळलेलं, प्रत्येक तुकडा वेगळा. पण मोठ्या कारखान्यातलं कातरण तसं नसतं. पन्नास हजार टी-शर्ट एकाच मार्करवरून कापले गेले असतील तर त्या दोन बाह्यांच्या मधे उरलेला तिकोनी तुकडासुद्धा हुबेहूब तसाच हजारो वेळा निघालेला असतो. तोच रंग, तोच पोत, तेच माप. जिथे कपडे घाऊक बनतात तिथे कचराही घाऊकच बनतो. आणि जे घाऊक आहे, एकसारखं आहे, त्याच्यावर डिझाइन करता येतं.

अट एकच. कातरण कारखान्याच्या दाराबाहेर पडण्याआधी ते पकडायचं. एकदा ते पोत्यात भरून झुटाच्या व्यापाऱ्याकडे गेलं की लाल-निळं, सुती-पॉलिस्टर, मोठं-छोटं सगळं एक होतं. मग त्याला किंमत फक्त गाद्या भरण्याची. म्हणून रेत आउस कचरा एस्टोनियात आणत बसली नाही. ती स्वतःच ढाक्याजवळच्या बेक्सिम्को या कंपनीच्या प्रचंड कारखान्यात जाऊन काम करू लागली. कुठल्या ऑर्डरीतून काय उरतं, कितीदा उरतं, केवढं उरतं, याची आधी नोंद करायची. त्या मापांवरून कपडा बेतायचा. आणि तो त्याच कारखान्यात, त्याच कारागिरांकडून, नेहमीच्या कामाच्या बाजूलाच शिवून घ्यायचा. या पद्धतीला तिने 'अपमेड' नाव दिलं. त्यातून पुढे प्रमाणपत्राची पद्धत उभी राहिली. पाण्याचा आणि कार्बनचा हिशेब मांडायला स्टॉकहोम एन्व्हायर्नमेंट इन्स्टिट्यूटच्या टॅलिन केंद्राची मदत झाली.

अशा टी-शर्टकडे नीट पाहिलं की जोड दिसतात. कुशीला उभी पट्टी वेगळ्या तुकड्याची, खांद्यावर एक आडवी शिवण जास्तीची. आपल्याकडे जोड लपवण्यात शिंप्याचं कसब मानतात. इथे जोड हीच कपड्याची रेषा होते. रॅम्पवर ती आधुनिक दिसते, आणि बघणाऱ्याला वाटतं डिझायनरला तशीच हवी होती. खरं तर तुकडा तेवढाच होता!

या पद्धतीचा सर्वांत मोठा शो माझ्या मते कुठल्याच रॅम्पवर झाला नाही. एस्टोनियात १८६९ पासून समूहगानाचा महोत्सव भरतो, साधारण दर पाच वर्षांनी. हजारो गायक एका कमानीखाली उभे राहून एकत्र गातात. आपल्याकडे वारीला जे स्थान आहे, साधारण तेवढं तिथे या महोत्सवाला. २०१४ च्या महोत्सवाचे टी-शर्ट बेक्सिम्कोत उरलेल्या कापडापासून याच पद्धतीने बनवले होते. एखाद-दुसरा नमुना नाही, हजारो. घाऊक उरलेल्यातून घाऊक कपडे निघू शकतात, हे तिथे हजारो पाठींवर एकाच दिवशी दिसलं.

आता कुणी विचारेल, एवढा आटापिटा कशाला? चिंध्या गोळा करून, त्यांचा पुन्हा धागा करून, नवं कापड का विणू नये? ते होतंही, पण आपल्याला वाटतं तितकं नाही. कपड्यातून पुन्हा कपडा होण्याचं प्रमाण जगात एक टक्क्याहूनही कमी असल्याचं सांगितलं जातं. कारणं अगदी साधी आहेत. कापूस मुळात टिकतो तो तंतूच्या लांबीवर. चिंधी यंत्रात पिंजली की तंतू तुटून आखूड होतात, आणि आखूड तंतूचा धागा कच्चा. त्याला ताकद यावी म्हणून नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावं लागतं. शिवाय आजचे बरेच कपडे मिश्र धाग्यांचे असतात. जीन्समध्ये ताण देणारा रबरासारखा धागा, शर्टात पॉलिस्टर. ते वेगळं करणं म्हणजे चहातून साखर काढण्यासारखं.

आणि दुसरी गोष्ट म्हणजे जिना. शेतातल्या कापसापासून अंगातल्या शर्टापर्यंत बऱ्याच पायऱ्या आहेत. पिकवणं, सरकी काढणं, सूत कातणं, विणणं, धुणं, रंगवणं, मग कापणं आणि शिवणं. पाणी, वीज, रसायनं यांचा मोठा खर्च शिवण्याच्या आधीच्या पायऱ्यांवर होतो. एका सुती टी-शर्टामागे सुमारे २,७०० लिटर पाणी लागतं, हा नेहमी दिला जाणारा आकडा आहे आणि त्यातलं जवळजवळ सगळं पाणी कपडा मशीनखाली येण्याआधीच वाहून गेलेलं असतं. चिंधी पिंजली की आपण पुन्हा जिन्याच्या खालच्या पायरीवर येतो. तुकडा तुकडा म्हणूनच वापरला तर वरच्या पायरीवरच राहतो. रंग चढलेला आहे, वीण घट्ट आहे, फक्त आकार विचित्र आहे.

म्हणून 'रिसायकलिंग'पेक्षा हे वेगळं. इंग्रजीत याला अपसायकलिंग म्हणतात. मराठीत आपल्याला नवा शब्द हवाच असं नाही. 'उरल्यातून उठवणं' म्हटलं तरी चालेल.

तिसऱ्या प्रकाराबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यात समजावण्यासारखं कमी आणि वापरून पाहण्यासारखं जास्त आहे. टॅलिनमधली स्टेला सोमलाइस चामड्याच्या पिशव्या बनवते. तिच्या पिशवीचा बेतच असा असतो की वापरून झाल्यावर ती परत घेता यावी आणि त्याच चामड्यातून लहान वस्तू काढता याव्यात. आज पर्स, उद्या पाकीट. यात पिशवीच्या पहिल्या दिवशी तिच्या शेवटच्या दिवसाचा विचार झालेला असतो.

लोकरीची गोष्ट जरा खट्टू करणारी आहे. मेंढी दरवर्षी कातरावीच लागते. एस्टोनियातल्या छोट्या कळपांची लोकर जाडीभरडी, वेगवेगळ्या प्रतीची. ती गोळा करून, निवडून, धुऊन घ्यायचा खर्च लोकरीच्या किमतीहून जास्त. म्हणून त्यातली बरीच सरळ टाकून दिली जाते. वूला नावाच्या तिथल्या एका कंपनीने यातून पॅकिंगसाठीच्या, प्लॅस्टिकच्या फुग्यांऐवजी वापरायच्या लोकरी पट्ट्या काढल्या. बरं झालं, पण मेंढीने वर्षभर वाढवलेली लोकर शेवटी खोक्यात काच सांभाळायला जाते हे ऐकून दख्खनी मेंढीची आणि धनगरी घोंगडीची आठवण येतेच. मऊ लोकरीच्या जमान्यात जाड लोकरीला गिऱ्हाईक नाही, तिथेही आणि इथेही.

हे कपडे तिथे कोण घालतं, हाही प्रश्न आहे. जुने कपडे विकणाऱ्या दुकानाला एस्टोनियन माणूस बोलताना 'काल्त्सुकास' म्हणतो. काल्त्स म्हणजे चिंधी. आपण 'चिंधीच्या दुकानातून आणलं' असं चारचौघांत म्हणू का? तिथली मुलं सहज म्हणतात. २००४ पासून तिथे पुनर्वापर केंद्रांची साखळी चालते. लोक नको झालेले कपडे, भांडी, फर्निचर तिथे देतात आणि दुसरे येऊन विकत घेतात. आपल्याकडे हेच काम डोक्यावर भांड्यांची टोपली घेऊन बोहारीण करायची. दारात बसून एका जरीच्या साडीवर आणि दोन पँटींवर स्टीलच्या डब्यासाठी घासाघीस व्हायची. फरक इतकाच की तो कपडा पुन्हा आपल्याच ओळखीतल्या कुणाच्या अंगावर दिसलेला आपल्याला चालत नसे.

आता कायदाही या गोष्टीत आला आहे. एस्टोनिया युरोपीय संघात आहे, आणि संघाच्या नियमानुसार १ जानेवारी २०२५ पासून प्रत्येक सदस्य देशाला कापडाचा कचरा वेगळा गोळा करण्याची सोय करावी लागते. न खपलेले नवे कपडे आणि पादत्राणं नष्ट करायला मोठ्या कंपन्यांना १९ जुलै २०२६ पासून बंदी. होय, न खपलेले नवेकोरे कपडे जाळण्याची पद्धत होती. भाव पडू नये म्हणून! आणि २०२५ मध्ये मंजूर झालेल्या दुरुस्तीनुसार कपडा बनवणाऱ्यालाच पुढे त्याच्या कचऱ्याच्या खर्चात वाटा उचलावा लागणार आहे. युरोपात २०२० साली माणशी सुमारे १६ किलो कापडाचा कचरा झाला होता. तो घरातून उचलण्याची व्यवस्था कायद्याने होईल, पण उचलून त्याचं करायचं काय याचं उत्तर अजून बऱ्याच ठिकाणी 'बघू' असंच आहे.

या सगळ्याचं कौतुक करताना दोन-तीन गोष्टी मला खटकतात.

पहिली, उरल्यातून शिवणारा डिझायनर कचरा करणाऱ्या कारखान्यावरच अवलंबून असतो. उद्या कारखान्याने मार्कर सुधारला, ऑर्डरी नेमक्या घेतल्या, तर त्याचा कच्चा माल संपला. ते झालं तर उत्तमच. पण धंदा म्हणून पाहिलं तर त्याचं पोट त्याच्या विरोधकाच्या ताटात आहे.

दुसरी, आपल्याकडचं कातरण वापरलं जातंय म्हटल्यावर बड्या कंपनीला जास्त कपडे काढायला नैतिक धीर येतो. शंभर शर्टांच्या कातरणातून पाच नवे शर्ट निघाले, म्हणजे एकूण एकशेपाच झाले. ते पाच जर कुणी नव्या कापडाच्या पाच शर्टांऐवजी घेतले तरच काही वाचलं. रॅम्पवर हे गणित कुणी मांडत नाही, आणि टाळ्या वाजवताना आपणही विचारत नाही.

तिसरी सगळ्यात महत्त्वाची. २४ एप्रिल २०१३ रोजी ढाक्याजवळ सावरमध्ये राणा प्लाझा ही इमारत कोसळली आणि कपडे शिवणारे ११०० हून जास्त जीव गेले. त्या कपड्यांतलं कापड वाया गेलं की नाही हा प्रश्न त्या दिवशी कुणाला पडला नव्हता. कापड वाचवणं आणि माणूस सांभाळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली झाली म्हणून दुसरी आपोआप होत नाही. शाश्वत म्हणणाऱ्याला या दोन्हींबद्दल विचारायला हवं, आणि दोन्हींची उत्तरं वेगवेगळी घ्यायला हवीत.

तर एस्टोनियन डिझायनर्सचा शो कधी पाहायला मिळाला, टॅलिनमध्ये किंवा पडद्यावर, तर मॉडेलच्या चालीकडे पाहून झाल्यावर शिवणींकडे बघा. जोड कुठे आहे? तो तिथे का आहे? या कपड्याचे आणखी किती भाऊ आहेत, हा एकटाच आहे की पाच हजार आहेत? एकटा असेल तर ती कला आहे, तिचं कौतुक कला म्हणून करावं. पाच हजार असतील तर कुठल्या तरी कारखान्यात कुणीतरी वही घेऊन उभं राहिलं होतं, तुकडे मोजत.

एखाद्या शोमध्ये लाल, उभ्या पट्ट्यांचा चुणीदार घागरा दिसला तर तो बहुधा किहनू बेटाच्या घागऱ्यावरून सुचलेला असतो. किहनू हे एस्टोनियाच्या किनाऱ्यालगतचं छोटं बेट, तिथली संस्कृती युनेस्कोच्या वारशाच्या यादीत आहे. तिथल्या बायका हा घागरा फक्त सणाला नाही, रोजच्या कामालाही नेसतात. आनंदात लाल, दुःखात काळा. घरात कुणी गेलं की काळ्यापासून सुरुवात होते आणि जसजसे दिवस जातात तसतशा लाल पट्ट्या वाढत जातात. पट्ट्या मागावरच विणल्या जातात. सरळ कापडाच्या चुण्या घालून कमरेला पट्टी शिवली की घागरा तयार. कात्रीला त्यात फारसं काम नाही.